रोह्यात चालतो, हमरापुरात बंद पडतो

हमरापूर
६ मे २०२५

प्रिय अनू,

शेजारचा महिपती सकाळच्या गाडीने रोह्याला कंपनीत जातो, त्याच्या हाती लॅपटॉप पाठवते आहे. हे पत्र बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवलंय. आधी लॅपटॉप बघ, रागवायचं असेल तर नंतर रागव.

चालू केला की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात. जशीच्या तशी उतरवली आहेत. ‘डेट अँड टाइम नॉट सेट. प्रेस एफ वन टू कंटिन्यू.’ महिनाभर मी एफ वन दाबून पुढे जात होते. आता एफ वन दाबलं की दुसरं येतं, ‘सिस्टिम फॅन एरर’, आणि मिनिटभरात बंद पडतो. परत चालू केला की परत पहिलं. सारखं तेच.

तुझाच आहे तो. सात वर्षांपूर्वी तू आपल्या गणपतींच्या कारखान्यातून तडक निघून गेलीस आणि हा मागे फळीवर राहिला. तू सुरू केलेलं काम मी सोडलेलं नाही. दर वर्षी गणपती घरी जायच्या आधी प्रत्येकाचा फोटो काढते आणि त्या त्या घराच्या नावाने ठेवते. आता याच्याशिवाय माझं पान हलत नाही. गडब गावच्या धोंडुबाई परवा घरचा पाट घेऊन आल्या. पाट खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, “गेल्या साली शेल्याची कड हिरवी होती. यंदा निळी केलीस तर मूर्ती इथंच ठेवून जाईन, सांगून ठेवते.” मला आठवेना. फोटो बघायला गेले तर एफ वन.

फोन का केला नाही असं विचारशील. माझा मोबाईल पिंकीकडे पेणला असतो, तिच्या क्लाससाठी. ह्यांचा ह्यांच्याबरोबर शिफ्टला जातो. आणि कारखान्यातल्या फोनवरून बोलायचं तर बाबा शेजारीच बसलेले असतात.

लवकर कर गो. डोळ्यांची आखणी सुरू व्हायच्या आत मला तो हवा आहे.

तुझी,
सरूवहिनी

*

रोहा
९ मे २०२५

सौ. सरूवहिनींस,
सप्रेम नमस्कार.

लॅपटॉप दुरुस्त करून परत पाठवत आहे. आतला सेल संपला होता, म्हणून तारीख विसरत होता. नवीन घातला आहे. पंख्यात शाडूची धूळ बसून लगदा झाला होता, तो साफ केला. दोन दिवस दुकानात चालू ठेवून पाहिला, एकही एरर आली नाही.

पुढील काळजी घ्यावी. मशीन जुनं आहे, तापतं. गरम असताना बॅगेत कोंबू नका. काम झालं की झाकण मिटून उघड्यावर ठेवा, थंड झालं की मगच बॅगेत घाला.

पैसे पाठवू नका. महिपतीभाऊ म्हणाले, कारखाना जोरात चालू आहे. तुमच्या सासऱ्यांची प्रकृती बरी असेल.

आपली,
अनिता

*

हमरापूर
१९ मे २०२५

प्रिय अनू,

‘तुमचे सासरे’ बरे आहेत. ते तुझे कोण लागतात तेही कधीतरी लिही.

लॅपटॉप आठ दिवस छान चालला. मग परत. आता तारखेचं काही येत नाही, ‘कीबोर्ड एरर’ येतं. पुढे गेलं की एकच अक्षर आपोआप उमटत राहतं, अख्खी ओळ भरते, दुसरी भरते, मी नुसती बघत बसते. आणि मध्येच पंख्याचं ते जुनं. तू सांगितलंस तसंच सगळं करते आहे. संध्याकाळी काम झालं की झाकण मिटते, फळीच्या टोकाला थंड व्हायला ठेवते, भाकऱ्या टाकायला आत जाते. जेवणं झाली की बॅगेत घालते. तरी असं का व्हावं?

हात स्वस्थ राहत नाहीत. सोंडेला वळण देते, मोडते, परत देते. मागच्या आठवड्यात एका मूर्तीचा कान तीनदा केला. उन्हाने माती भराभर सुकते आहे, जराशी उघडी राहिली की भेग.

हे लिहिताना बाबांनी विचारलं, “कुणाला लिवतेस गो?” मी म्हटलं, पिंकीच्या कॉलेजचा अर्ज. “येवढा मोठा अर्ज?” म्हणाले. पेनाच्या आवाजावरून त्यांना किती ओळी झाल्या ते कळतं बहुतेक.

महिपतीला बॅग न्यायला सांगितलं तर म्हणाला, “वैनी, याचा पास काढून द्या आता.”

तुझी,
सरूवहिनी

*

रोहा
२४ मे २०२५

सरूवहिनी,

चार दिवस माझ्या टेबलावर तो सुरळीत चालला. रोह्यात चालतो, हमरापुरात बंद पडतो. असं मशीन मी दुकान टाकल्यापासून पाहिलं नाही.

आत ओल आहे. तांब्यावर हिरवट थर चढलाय, बटणांच्या खाली पाण्याचे डाग आहेत. खरं सांगा, कोणी पाणी सांडलं का? सांडलं असेल तर असू दे, पण लपवू नका. आजाऱ्याने पोटात काय गेलं ते सांगितलं नाही तर डॉक्टरने काय करायचं?

फोटो सगळे माझ्याकडे उतरवून ठेवले आहेत, त्यामुळे तुमची मेहनत वाया जायची नाही. मी सुचवते, सगळ्यांचे प्रिंट काढून एक अल्बमच करून देते. शेल्याची कड हिरवी की निळी ते अल्बममध्येही दिसेल. मग या लॅपटॉपला मोकळं करा.

फोटो उतरवताना मी निघून आले त्या वर्षीचेही समोर आले. बघायचे नव्हते. तुम्ही तिथेच होतात म्हणून तुम्हाला लिहिते. चतुर्थीला तीन दिवस होते, अठरा मूर्ती डोळ्यांवाचून राहिल्या होत्या आणि तुमच्या सासऱ्यांना ताप होता. मी एकीची आखणी केली. एकाच मूर्तीची. ते अंथरुणातून उठून आले, पाहिलं, बोलले काहीच नाहीत. बादलीत फडकं बुडवलं, पिळलं आणि दोन्ही डोळे पुसून टाकले. गिऱ्हाइकं उभी होती, तुम्ही होतात, दादा होता. बोलले असते, ओरडले असते तर मी भांडले तरी असते.

लॅपटॉप महिपतीभाऊंकडे दिला आहे. अल्बमचं कळवा.

अनिता

*

हमरापूर
३ जून २०२५

प्रिय अनू,

पाणी कोणी सांडलेलं नाही. पिंकीची शपथ. मी स्वतः त्याच्या जवळ पाण्याचा तांब्याही नेत नाही.

अल्बम नको. रागावू नकोस, तू प्रेमाने म्हणालीस, पण कागदावरचा फोटो मोठा करता येत नाही. मला तो पडद्यावर पाहिजे. मोठा, खूप मोठा करता आला पाहिजे.

आणि आता तर सगळंच संपल्यासारखं झालंय. काल संध्याकाळी चांगला होता. आज सकाळी चालू केला तर एकच ओळ, ‘हार्ड डिस्क नॉट फाउंड’. एफ वन दाबा असंसुद्धा म्हणत नाही. मी तरी दाबत राहिले. बाबा म्हणाले, “काय टकटक चाललीय गो तुझी सकाळधरनं?” मी म्हटलं, काही नाय. “काही नाय तर मग रडतेस कशाला?”

यंदा एकशेदहा मूर्ती आहेत. धोंडुबाईंची रंगून तयार झाली, आखणी तेवढी राहिली. तिच्यासमोर गेलं की ती आंधळ्यासारखी माझ्याकडे बघते. असं लिहू नये, पण लिहिलं.

काहीही कर, पण हा चालू करून दे. दुसरा जुना कुठला असला तरी चालेल.

सरूवहिनी

*

रोहा
८ जून २०२५

सरूवहिनी,

लॅपटॉप माझ्याकडेच ठेवून घेतला आहे. उत्तर येईपर्यंत पाठवणार नाही.

डिस्क गेलेली नाही, तिची जोडणी गंजली होती. ते होईल. पण या वेळी मी मशीन आतून बघायच्या आधी बाहेरून नीट पाहिलं. झाकणावर फडक्याच्या विणीचा ठसा आहे, बिजागरीत शाडूचा करडा थर वाळला आहे. लहानपणापासून मी ती खूण ओळखते. कच्च्या मूर्तीला भेग जाऊ नये म्हणून ओलं फडकं गुंडाळतात, त्याची ती खूण आहे. कोणीतरी हे मशीन ओल्या फडक्यात गुंडाळतं आहे. एकदा नाही, रोज.

आता दुसरं. फोटो पडद्यावर मोठा का पाहिजे, हे डोक्यातून जाईना. चाळीस वर्षं डोळे मिटून आखणी करणाऱ्या माणसाच्या कारखान्यात फोटो कशाला मोठा करायचा? मग मी तुमचा एक कप्पा उघडला. नाव ‘डोळे’. त्यात नुसते डोळे कापून ठेवलेत. मग मी गेल्या तीन वर्षांच्या मूर्ती काढल्या आणि मोठ्या केल्या. त्या माणसाची खालच्या पापणीची रेघ शेवटाला केसासारखी बारीक होत जाते. या तीन वर्षांत ती शेवटाला किंचित वर उचलली जाते.

हा त्यांचा हात नाही. तो कुणासारखा दिसतो ते मी लिहिणार नाही. दोन दिवस मी दुकानात गिऱ्हाइकांवर उगाच ओरडते आहे.

कुणाचा हात आहे, वहिनी? आणि बाबांना काय झालंय?

अनिता

*

हमरापूर
११ जून २०२५

अनू,

तू ‘बाबा’ लिहिलंस. ते एवढंच मी दोनदा वाचलं.

हात माझा आहे. बाबांना दिसत नाही.

चार वर्षांपूर्वी सुरू झालं. काचबिंदू. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, उशीर केलात, गेलेलं परत येणार नाही. थेंब घालतो, त्यावर डाव्या डोळ्याला उजेड आणि सावली तेवढी राहिली आहे. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, कुणाला सांगायचं नाही. रोह्याला तर मुळीच नाही. “तिला वाटंल, बरं झालं, पापाचा घडा भरला.” असं म्हणाले. मी म्हटलं, ती तशी नाय. तर म्हणाले, “मी तसा हाय ना.”

पडदा लावून आम्ही दोघं आत बसतो. गिऱ्हाइकांना वाटतं बाबा आखणी करताहेत. ते माझ्या मनगटाला दोन बोटं लावून सांगतात, “श्वास धर. आता वरची पापणी. मनात दोन मोजून उतर. थांब, घाई झाली.” माझं मनगट जरा हललं तर त्यांना माझ्या आधी कळतं. पण रेघ कशी आली ते कळत नाही. ती मीच बघायची, आणि मी कधी हातात आखणीचा ब्रश धरला नव्हता. म्हणून लॅपटॉप. पडदाभर एकच डोळा मोठा करायचा आणि त्याच्यासारखी रेघ ओढायची.

पहिल्या वर्षी बाबांच्या आखणीवरून शिकायला गेले. जमेना. ती रेघ इतकी सहज आहे की कुठून सुरू झाली तेच कळत नाही. ‘डोळे’मधला शेवटून दुसरा फोटो तू पाहिलास का? पाहिला असशीलच. तुझी आखणी झाली होती आणि ते अंथरुणातून उठून यायचे होते, तेवढ्यात मी तो काढला होता. तेव्हा सहज काढला. तुझी रेघ मला समजली. कुठे हात थांबला, कुठे धीर केला, ते दिसतं तिच्यात. मी त्या एका फोटोवरून शिकले, अनू. तीन वर्षं घरोघर गेलेले डोळे तुझ्या त्या पुसलेल्या डोळ्यांचे आहेत. धोंडुबाई गेल्या वर्षी पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, “बाबाजी, औंदा देव माज्याकडंच बगतोय.” बाबा नुसते हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता फडकं. तू लिहिलंस आणि मला पटकन कळलं. रोज दिवेलागणीला बाबा फळ्यांवरून हात फिरवत जातात आणि कच्च्या मूर्तींना ओली फडकी गुंडाळतात. तेवढं एक काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. मी लॅपटॉप त्याच फळीच्या टोकाला ठेवते. हाताला लागला, गुंडाळला, असंच झालं असणार. त्यांना दिसत नाही हे तुला सांगता येत नव्हतं, म्हणून मीही त्या बाजूने विचार केला नाही.

एकच गोष्ट जुळत नाही. जेवणानंतर मी लॅपटॉप उचलते तेव्हा त्याच्यावर फडकं कधीच नसतं.

लॅपटॉप पाठव किंवा नको पाठवू. पण काहीतरी लिही.

सरू

*

हमरापूर
२९ जून २०२५

अनू,

अठरा दिवस झाले. महिपती रोज संध्याकाळी फाटकातूनच रिकामे हात दाखवतो. आता तर नुसती मान हलवतो.

लॅपटॉपसाठी लिहीत नाही. मी काल धोंडुबाईंच्या मूर्तीसमोर बसले, आठवून आठवून रेघ काढायला गेले आणि पुसून टाकली. माझीच. यंदा जमलं नाही तर गिऱ्हाइकांना खरं काय ते सांगेन. आधी फक्त तुला हे सांगायचं आहे.

मी बाबांना विचारलं. वचन मोडलं तेही सांगितलं. म्हटलं, अनूला सगळं कळलंय, तुमचे डोळे, माझा हात, सगळं. ते माती मळत होते. थांबले नाहीत. गोळा उलटवत म्हणाले, “रागावली आसंल.”

मी म्हटलं, ठाऊक नाय, लिहीत नाय ती. मग म्हटलं, बाबा, तुम्ही मूर्तींबरोबर तिचा लॅपटॉपपण गुंडाळून ठेवायचात, म्हणून तो बिघडायचा. तुम्हाला दिसलं नाय, तुमची चूक नाय.

त्यावर त्यांनी हात थांबवले. “दिसत नाय म्हंजे मातीतला नि पत्र्यातला फरक कळत नाय का गो मला?”

मी विचारलं, मग कशाला गुंडाळायचात?

“गरम लागायचं हाताला. मूर्तीवरनं हात फिरवीत यायचो, सगळ्या गार, नि टोकाला ह्ये तापलेलं. वर पंख्याचा वारा. तापलेलं उघडं ठेवलं का तडकतं. चांगलं पिळून गुंडाळायचो, तुमचं जेवण होईस्तवर निवायचं, मग काढून घ्यायचो.”

मी म्हटलं, बाबा, ते मशीन हाय.

“ठाऊक हाय,” म्हणाले. “अनूचं हाय.”

आणि परत मळायला लागले. मी तिथून उठून मागच्या दारी गेले. नळ उघडा सोडून उभी राहिले, आत आवाज जाऊ नये म्हणून. पण त्यांना आला असणारच.

त्या दिवशी त्यांनी तुझे डोळे का पुसले, ते मी विचारलं नाही. ते माझं विचारायचं नव्हे.

सरू

*

रोहा
२ जुलै २०२५

सरू,

लॅपटॉप तयार आहे. बारा दिवस झाले तयार होऊन. रोज सकाळी बॅग भरायची, महिपतीभाऊंच्या गाडीची वेळ झाली की परत काढायची, असं चाललं होतं. तुला छळलं. माफ कर.

तुझ्या त्या फोटोतले डोळे मी खूपदा पाहिले. डावा थोडा मोठा झालाय. तेव्हा मला दिसलं नव्हतं. तू तीन वर्षं तीच चूक जशीच्या तशी गिरवते आहेस, वेडे. कुणी सांगायला नको का?

महिपतीभाऊंना पाठवू नकोस. शनिवारी सकाळच्या गाडीने मीच घेऊन येते. दोन दिवस राहीन. दादाला सांग, बाबांना सांगू नकोस. माझं पाऊल वाजेल तेव्हा त्यांना कळेलच. लॅपटॉपसाठी एक मोठा पत्र्याचा डबा घे पेणहून, घट्ट झाकणाचा, बाजूंना भोकं पाडलेला. मशीन निवेपर्यंत त्यात ठेवायचं. डबा फळीच्या टोकालाच राहू दे. त्यांना त्यावर फडकं टाकायचं असेल तर टाकू दे. त्यांना अडवायचं नाही.

धोंडुबाईंच्या मूर्तीला हात लावू नकोस. ती मी करते. पडदा लावायचा नाही. दार उघडं, बाबा शेजारी, आणि त्यांच्या उजव्या हाताशी पाण्याची बादली आणि फडकं ठेव. नक्की ठेव.

या वेळीही पुसायचं असेल तर पुसू देत. पण त्याआधी त्यांना मला विचारावं लागेल, कसे आलेत गो डोळे?

अनू